चाळणी आणि दाणे

गेल्या दिवाळीत मी चकल्या पाडीत होते, तोच ठाण्याची भाची आली. वय ४१. दोनदा दिवस राहून गेलेले. आता टेस्टट्यूबच्या उपचारांत चार गर्भ तयार झाले होते, आणि रोपणाआधी त्यांची गुणसूत्रे तपासायची की नाही, हे ठरवायचे होते.

“मावशी, तपासले म्हणजे मूल नक्की ना?” तिने विचारले.

मी काही डॉक्टर नव्हे. तिच्याबरोबर गेले आणि नीट समजून घेतले. बाईची बीजे तिच्या जन्माआधीच घडलेली असतात. तिच्याबरोबर त्यांचेही वय वाढते. चाळिशीनंतर निम्म्याहून अधिक गर्भांत ४६ गुणसूत्रांचा हिशेब चुकतो. असे गर्भ बहुधा रुजत नाहीत, किंवा रुजून पडतात. म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी, ज्या थरातून पुढे वार बनते त्यातल्या पाच-दहा पेशी काढून तपासतात. तोवर गर्भ गोठवून ठेवतात. मुलगा की मुलगी, हे सांगायला मात्र १९९४च्या कायद्याने बंदी आहे.

“म्हणजे ही चाळणीच,” मी म्हणाले. “खडे निघतील, पण दाणे वाढणार नाहीत!”

चाळणीत एकच दाणा उरला. भाची रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “निदान तिसऱ्यांदा पडण्याचे दुःख तरी टळेल.” तेही नक्की नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

भगिनींनो, यंदा फराळाला अशी कुणी आली, तर “गोड बातमी कधी?” असे विचारू नका. चकलीची ताटली पुढे करा, आणि ती बोलली तर ऐका.