रिकाम्या खुर्च्यांवर मेडशीच्या लेकरांचा हक्क आहे

मेडशी आणि मालेगाव तालुक्यातले पालक, शिक्षक, खेळाडू व ग्रामपंचायत सदस्य यांना जाहीर आवाहन



28 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर 2025 या काळात चेन्नई आणि मदुराईत मुलांच्या ज्युनिअर हॉकीचा विश्वचषक झाला. या स्पर्धेत पहिल्यांदाच 24 देश उतरले. जर्मनीने अंतिम सामन्यात स्पेनला शूटआउटमध्ये हरवलं. आपली पोरं तिसऱ्या क्रमांकासाठी अर्जेंटिनाशी खेळत होती. तीन सत्रं संपली तेव्हा दोन गोलांनी मागे होती. शेवटच्या पंधरा मिनिटांत त्यांनी चार गोल केले आणि कांस्यपदक गळ्यात घातलं. हे सगळं पाहायला स्टेडियममध्ये जाणाऱ्या माणसाकडून एक रुपयाही घेतला गेला नाही. हॉकी इंडियाने प्रत्येक सामन्याचा प्रवेश मोफत ठेवला होता. त्याआधी बिहारमधल्या राजगीरला आशिया चषक झाला, तिथेही प्रवेश मोफतच होता.

हा निर्णय योग्य होता, आणि महाराष्ट्राने तो कायमचा नियम म्हणून स्वीकारला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्रक काढलं आहे. मात्र आमची मागणी तिथे संपत नाही. मेडशीतल्या आठवीच्या मुलाला नुसतं मोफत तिकीट देऊन भागत नाही. का भागत नाही, ते पुढे सांगतो.

आधी उलट उदाहरण पाहू. कॅनडात बर्फावरची हॉकी म्हणजे घराघरातला खेळ. तिथे वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते आणि अख्खा देश ती पाहतो. 2015 आणि 2017 साली ही स्पर्धा टोरांटो आणि मॉन्ट्रियल या दोन सर्वांत मोठ्या शहरांत नेली. भाव चढे लावले, तिकिटं आधी पॅकेजमध्ये विकायला काढली. 2017 साली मॉन्ट्रियलच्या वीस हजारांवर खुर्च्यांच्या बेल सेंटरमध्ये खुद्द कॅनडाच्या उपांत्यपूर्व सामन्यालाही निम्म्याच्या आसपास खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्या देशात लेकरं चालायला लागली की बर्फावर उतरतात, त्या देशात ही गत झाली. पुढे 2023 साली तीच स्पर्धा हॅलिफॅक्स आणि मॉन्क्टन या लहान शहरांत झाली तेव्हा गॅलऱ्या भरून वाहिल्या. माणसं तीच होती, खेळही तोच होता. फरक पडला तो जागेने आणि भावाने.

आपल्याकडेही वेगळं काही घडलेलं नाही. 2023 च्या पुरुष हॉकी विश्वचषकासाठी ओडिशाने राउरकेलात वीस हजार खुर्च्यांचं बिरसा मुंडा स्टेडियम उभारलं. राउरकेला काही महानगर नव्हे. सुंदरगडच्या आदिवासी गावांतून लोक तिथे आले, कारण त्या भागात हॉकीचे सामने गावाच्या जत्रेसारखे भरतात. खेळ जिथे रुजतो तिथे स्टेडियम नेलं, तर खुर्ची रिकामी राहत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. "फुकट दिलं की किंमत राहत नाही" हे वाक्य प्रत्येक संयोजक तोंडावर फेकतो, म्हणून नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची हकीकत नीट सांगतो. डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला संघांचे टी-ट्वेंटी सामने तिथे झाले. प्रवेश मोफत होता. 9 तारखेच्या पहिल्या सामन्याला चांगली गर्दी झाली. 11 तारखेच्या दुसऱ्या सामन्याला ती वाढून सुमारे 47 हजारांवर गेली. सामना सुपर ओव्हरपर्यंत ताणला, सांगलीच्या स्मृती मानधनाने तो खेचून आणला, आणि मुलींचं क्रिकेट पाहायला इतकी माणसं येतात हे देशाने डोळ्यांनी पाहिलं. मार्च 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचं पहिलं पर्व मुंबई-नवी मुंबईत झालं तेव्हा महिला आणि मुलींना प्रवेश मोफत होता. नंतर 2025 चा महिला विश्वचषक आला. साखळी सामन्यांची तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवली होती. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री त्याच मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती.

या तीन वर्षांचा क्रम ध्यानात घ्या. आधी दार उघडलं, मग माणसं आली, मग त्यांना खेळाडूंची नावं पाठ झाली, मग त्यांनी खिशातून पैसे काढून तिकीट घेतलं. फुकट दिल्याने किंमत गेली असती, तर शेवटच्या रात्री तिकिटासाठी वणवण कशाला झाली असती? ज्युनिअर खेळाडूचं तर नावच कोणाला ठाऊक नसतं. त्याच्या सामन्याला तिकीट लावणं म्हणजे ओळख होण्याआधीच पैसे मागणं आहे.

2017 सालचा 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक आठवा. त्याचे सामने नवी मुंबईतही झाले, माली आणि स्पेनचा उपांत्य सामना तिथेच झाला. देशभरात सहा शहरांत मिळून 13,47,133 प्रेक्षक आले. 1985 साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम त्यांनी मोडला. शंभर रुपयांच्या आतली तिकिटंही होती, हे त्यामागचं साधं कारण. त्या वर्षी 15 सप्टेंबरला राज्य शासनाने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' म्हणून शाळाशाळांत फुटबॉल वाटले आणि एका दिवसात लाखो मुलांना मैदानावर उतरवलं. कल्पना उत्तम होती. पण चेंडू गावात आला आणि सामना नवी मुंबईतच राहिला. ज्या मुलांनी त्या दिवशी चेंडूला लाथ मारली, त्यांतल्या किती जणांना शासनाने गाडीत बसवून एखादा सामना दाखवला? कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. भारताचे सामने मात्र दिल्लीत झाले.

आता आपल्या गावचा हिशेब मांडू. मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. मुंबईला जायचं तर आधी एसटीने अकोला, तिथून रात्रीची रेल्वे, असा सहाशे किलोमीटरच्या घरातला प्रवास. समृद्धी महामार्ग आपल्या वाशिम जिल्ह्यातून जातो, 5 जून 2025 पासून तो नागपूर ते मुंबई पूर्ण खुला आहे, म्हणजे शाळेची बस रात्री निघून सकाळी पोचू शकते. रस्ता झाला, पण त्यावरून आपली लेकरं खेळ पाहायला गेली नाहीत.

मान्यताप्राप्त क्रीडा स्पर्धेच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. म्हणजे पाचशेपर्यंतचं तिकीट सर्वसामान्य माणसाचं, असं सरकारनेच धरलं आहे. रोजगार हमीवर महाराष्ट्रात 2025-26 साठी दिवसाची मजुरी 312 रुपये होती. पाचशेचं एक तिकीट म्हणजे दीड दिवसाहून जास्त घाम. आई-बाप आणि दोन लेकरं धरली तर दोन हजार. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, त्या भावाने साधारण साडेसदतीस किलो सोयाबीन विकावं लागेल, आणि बाजारात हमीभावही मिळत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं? त्यात जाण्या-येण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि बुडालेले दोन रोज धरा. तिकीट शून्य रुपये केलं तरी मेडशीच्या माणसाचा खर्च शून्य होत नाही. मोफत प्रवेशाचा खरा लाभ स्टेडियमच्या दहा-पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्याला मिळतो. चेन्नईच्या सामन्यांची मोफत तिकिटं मोबाइलवरून आधी नोंदवायची होती. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही बापासोबत शेतात जातो, त्या घरातल्या मुलीने ती नोंदवायची कधी?

म्हणून आमची मागणी आहे. शासनाच्या पैशाने किंवा शासनाच्या मैदानावर महाराष्ट्रात जी कोणती आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा होईल, तिच्या साखळी सामन्यांना तिकीट नसावं आणि एक तृतीयांश खुर्च्या ग्रामीण शाळांसाठी राखून ठेवाव्यात. वाशिम, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिव हे आकांक्षित जिल्हे म्हणून नीती आयोगाच्या यादीत आहेत, तर या यादीचा मान आधी इथे दिसू द्या. जागा ॲपवर टाकून मोकळं होऊ नका. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी किमान दोन महिने आधी लेखी पत्राने शाळांना कळवावं. शालेय सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत आधीपासून देते. उरलेला निम्मा भार क्रीडा खात्याने उचलावा आणि मुक्कामाची सोय शासकीय वसतिगृहांत करावी. यात नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक सामन्यानंतर संयोजकांनी जाहीर करावं की मानाचे पास किती वाटले आणि त्यांतले किती लोक प्रत्यक्ष आले. पुढच्या रांगांतल्या मऊ खुर्च्या रिकाम्या आणि दाराबाहेर पोरं उभी, हे चित्र आपण टीव्हीवर पुष्कळदा पाहिलं आहे. सामना सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली आणि पासवाला आला नाही, तर ती खुर्ची शाळेच्या मुलाला द्या. स्पर्धेवर जनतेचा पैसा खर्च होतो, तेव्हा पासांचा हिशेब मागण्याचा अधिकार जनतेला आहे. 2005 चा माहिती अधिकार कायदा त्यासाठीच आहे, आणि आम्ही तो वापरणार आहोत.

काही जण म्हणतील, टीव्हीवर दिसतंय की, जायचं कशाला? टीव्हीवर चेंडू दिसतो. चेंडू नसलेल्या कोपऱ्यात बचावपटू कसा सरकतो, गोलरक्षक सतत ओरडून कोणाला कुठे उभं करतो, बाहेर आलेला खेळाडू दोन मिनिटांत श्वास घेऊन पुन्हा कसा आत धावतो, हे कॅमेरा दाखवत नाही. शिकायचं असतं ते तिथेच. आपल्याच वयाचा, आपल्यासारखाच सडपातळ मुलगा देशाची जर्सी घालून समोर धावताना पाहिला, की लेकराच्या मनात जे होतं ते कोणत्याही भाषणाने होत नाही. शिक्षक मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा येईल की वऱ्हाडातल्या खेड्यात हॉकी कोण खेळतं? हाच प्रश्न फलटण तालुक्याला विचारून पाहा. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ या मुली त्याच तालुक्यातल्या. गावातून निघून त्या भारताच्या संघापर्यंत पोचल्या. फलटणला काही ऑलिंपिकची परंपरा नव्हती. कोणीतरी त्यांच्या हाती स्टिक दिली, कोणीतरी त्यांना मैदानावर नेलं आणि पुढे निवासी प्रशिक्षणाची वाट मिळाली. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम टर्फवर गेली आणि मातीच्या मैदानावरचा खेळाडू मागे पडला, हे खरं आहे. मेडशीत टर्फ नाही. पण शालेय जवाहरलाल नेहरू हॉकी स्पर्धेला तालुक्यातून, जिल्ह्यातून संघ पाठवायला सुरुवातीला माती पुरते.

आपल्याकडे कबड्डीचे सामने ठेवले की गावचं गाव रात्री जागतं. शंकरपटाला माणूस दहा कोसांवरून येतो. खेळ पाहायची भूक या मातीत भरपूर आहे. त्या भुकेला मोठ्या मैदानापर्यंत नेणारी गाडी तेवढी नाही. लोक येत नाहीत म्हणून रडणाऱ्या संयोजकांनी एकदा लोकांच्या दारी यावं.

मेडशीकरांनो, हे पत्रक वाचून घडी घालून ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विचारा की आपल्या शाळेने नेहरू हॉकीसाठी नाव नोंदवलं आहे का. पालकांनी आपल्या मुलीला सहलीच्या यादीतून वगळू नये, मुलगा जातो तिथे मुलगीही जाईल. आणि येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: राज्यात होणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत वाशिम जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांसाठी खुर्च्या राखून ठेवाव्यात आणि प्रवासाची सोय शासनाने करावी. ठरावाची एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकारी, वाशिम यांच्याकडे द्या, एक क्रीडा व युवक सेवा संचालनालय, पुणे यांच्याकडे पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका. ग्रामसभेला या, हात वर करा.

आपले,
मेडशी येथील क्रीडाप्रेमी ग्रामस्थ