आजोबांच्या कपाटाची बिजागरी

पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरात दोन कामे ठरलेली असतात. पत्र्याची गळती बुजवायची आणि आजोबांच्या कपाटातले कागद एकदा उन्हात घालायचे. यंदा दुसऱ्या कामाला हात घातला, तर कपाट उघडेचना. किल्ली आत जाई, पण फिरत नसे.

वेळ अशी की पुतणीचा जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आमच्याकडे तो पुरावा एकच, आजोबांचा शाळेचा दाखला. आणि तो नेमका त्या कपाटात.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पुण्यातले वाडे पडले. त्यानंतर विकायला निघालेल्या लाकूडसामानातून त्यांनी हे सागवानी कपाट घेतले, असे आई सांगते. त्याआधी आमच्या घरात कुलूप लावावे असे काही नव्हतेच. जे होते ते गाठोड्यात. आत्याचा मॅट्रिकचा दाखला पहिल्यांदा कुलपात गेला तो या कपाटात.

धाकट्या बंधूंनी छिन्नी-हातोडा काढला. "फोडून टाकू, नवीन घेऊ," म्हणाले. आई आडवी उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. त्यांची उभी हयात भंगार वेचण्यात गेली. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हापासूनच्या त्या सभासद. त्यांनी कपाटाकडे नुसते पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, कुलूप चांगलंय. वरची बिजागरी तुटलीय. दार खाली बसलंय, म्हणून कुलपाची जीभ अडकलीय." कुलपाच्या बाजूला दाराखाली लाकडाची पाचर सारली, दार सूतभर वर उचलले आणि किल्ली अलगद फिरली. दाखला कोरडा निघाला. आम्ही शिकलेले, पण दोष कुठे आहे हे त्यांना दिसले!

आता प्रश्न आला बिजागरीचा. एका दुकानातून पिवळीधमक जोडी आणली. ती लाकडातल्या जुन्या खाचेत बसेना, भोके जुळेनात. मावशींनी लोहचुंबक लावून पाहिले, तर टपकन चिकटले! वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड. अस्सल पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्याला चुंबक चिकटत नाही. वाचकहो, खरेदीला जाताना एवढा तुकडा खिशात ठेवा.

पुण्यात असे जुने सामान शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. नवे हवे असेल तर रविवार पेठेतली बोहरी आळी. लाकूड हवे असेल तर भवानी पेठेतला लाकूडबाजार. हंड्या-घागरीचा कान निखळला, पोचा आला, तर कसबा पेठेतली तांबट आळी. आणि जुन्या वाड्यांच्या कड्या, कोयंडे, साखळ्या, बिजागऱ्या, कुलपे हवी असतील तर मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवार आणि रविवार हे त्याचे वार. तिथे जमिनीवर अंथरलेल्या ढिगात हात घालायची लाज वाटू देऊ नका. मात्र माल कुठून आला हे विचारा. उत्तर सरळ मिळाले नाही तर पुढे चला.

आम्ही दोन रविवार हिंडलो. दुसऱ्या रविवारी तीन इंची पितळी बिजागरी सापडली. त्यातून शिकलो ते सांगतो.

पहिले, माप सांगत बसू नका, तुटलेला तुकडाच सोबत न्या. तो निघत नसेल तर कागद वर ठेवून पेन्सिलीने घासा, भोकांसकट छाप उमटतो. दुसरे, जुने काम इंच-सुतातले आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण जुन्या दाराला ते कसे कळणार? मिलिमीटरची वस्तू दिसायला सारखी असते आणि केसभराने फसवते. तिसरे, शक्य तर दोन्ही बिजागऱ्या एका जोडीच्या घ्या, म्हणजे दाराचा भार सारखा पडतो. चौथे, स्क्रू लाकडाच्या जाडीपेक्षा आखूड हवा. जुने भोक सैल झाले असेल तर बांबूची काडी सरसात बुडवून ठोका, वाळू द्या, मग त्यात स्क्रू फिरवा. जाड स्क्रू ठोकून लाकूड फाडू नका.

गंजलेली लोखंडी कडी रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवा, चुलीपासून लांब. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, पुसून तेलाचा हात द्या. पितळेला चिंच-मीठ पुरते. आंबटाने काळा थर विरघळतो. पण नंतर धुऊन लगेच कोरडे करा, नाहीतर डाग पडतात.

एक गोष्ट आयाबायांनी ध्यानात ठेवावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, लहान मुलांना दूर ठेवा, ओल्या फडक्याने जमीन पुसा. शिशाची धूळ लेकरांच्या मेंदूला बाधते.

कोणी म्हणेल, एका बिजागरीसाठी एवढा खटाटोप कशाला? बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. स्मारकाची मागणी वर्षानुवर्षे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तोवर मोडकळीस आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावी लागली. मोठ्या वास्तूचे हे झाले. आमच्या दोन खोल्यांतल्या कपाटाची चिंता वाहायला कोण येणार आहे? ते आपणच राखायचे.

बिजागरी बसवली त्या दिवशी मावशींना चहाला बोलावले. दार आवाज न करता मिटले. पुतणीचा अर्ज गेला, त्याची पोच आईने दाखल्याशेजारी ठेवली आणि किल्ली पदराला बांधली. जाताना मावशी म्हणाल्या, "आम्ही रोज लोकांचं टाकलेलं उचलतो. त्यातलं निम्मं टाकण्याजोगं नसतंच."

तुमच्या घरातले एखादे दार कुरकुरत असेल, तर या रविवारी आधी बिजागरी बघा. आणि वस्तीत अशा कोणी मावशी असतील, तर सुताराच्या आधी त्यांना विचारा.