शेवटचे दोन हात

गोल्फ मी कधी खेळलो नाही. यापुढे खेळेन असे लक्षणही नाही. पण टेलिव्हिजनवर तो पाहण्याचे वेड मात्र मला आहे आणि त्यापायी घरात मी पुष्कळ बोलणीही खाल्ली आहेत.

एका दिवाळीत परभणीजवळ पेडगावला तात्यांकडे गेलो होतो. खळ्यावर सोयाबीनची गंजी, वर भरलेले आभाळ, आणि मळणीयंत्र दुसऱ्याच्या शेतात अडकलेले. तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढीच करमणूक म्हणून मी त्यांना स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची गोष्ट सांगू लागलो.

तिथल्या ओल्ड कोर्सवर अठरा खड्डे. कमीत कमी टोल्यांत चेंडू एकेका खड्ड्यात घालीत जायचे. पूर्वी फेरी बावीस खड्ड्यांची होती. १७६४ साली ती अठरांची झाली, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. अठरावा खड्डा ओल्ड टॉम मॉरिसच्या नावाचा. हा मैदानाची निगा राखणारा माणूस. १८६१ ते १८६७ या काळात चार वेळा ओपन स्पर्धा जिंकलेला. वाटेत मेंढपाळांच्या काळचा दगडी स्विल्कन पूल. तो ओलांडला की पुढे रुंद, सपाट हिरवळ आणि समोर गाव. म्हणजे घर आलेच!

“मग त्यात अवघड काय?” तात्यांनी विचारले.

“काहीच नाही. तिथेच तर माणूस फसतो!”

१९७० सालची ओपन. अमेरिकेचा डग सँडर्स शेवटच्या खड्ड्याशी आला. चेंडू अवघ्या दोन हातांवर. तो आत गेला की विजेतेपद त्याचे. वाटेत काहीतरी दिसले म्हणून तो वाकला, पुन्हा सरसावला, आणि चेंडू खड्ड्याच्या बाजूने निघून गेला! जॅक निकलॉसशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत निकलॉस एका टोल्याने जिंकला. सँडर्स २०२० साली वारला. ओपन त्याला कधीच मिळाली नाही, आणि ते दोन हात तो जन्मभर विसरला नाही.

तात्या हसले नाहीत. उठले आणि कंदील घेऊन खळ्याकडे निघाले. “रास घरात येईस्तोवर आपली म्हणू नाही, बाबा,” म्हणत त्यांनी ताडपत्री पुन्हा ओढून बांधायला घेतली. एक कोपरा मी धरला.

रात्री पाऊस कोसळला. पहाटे अभ्यंगाच्या आधी आम्ही दोघांनी गंजीत हात घालून पाहिला. कोरडी होती.