भटकें मांजर आणि जुनी मोटार

मुलांसाठीं गोष्ट लिहिणें हें सोपें काम आहे, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. आमच्या मतें तो बरोबर नाहीं. मूल गोष्टीचे शब्द विसरतें, परंतु गोष्टीनें मनाला लावलेलें वळण सहसा जात नाहीं. म्हणून येथें एक साधा विषय घेऊं. एक जुनी मोटार रस्त्याच्या कडेला गंजत पडली आहे, आणि पावसांत भिजलेलें एक भटकें मांजर तिच्यांत शिरतें. ही गोष्ट मुलांस कशी सांगावी?

आपल्याकडे तिचे दोन सांचे तयार आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं इसापच्या कथा मराठींत आणल्या. सिंहाला जाळ्यांतून सोडविणारा उंदीर आज घरोघरीं ठाऊक आहे. त्या सांच्याप्रमाणें आपलें मांजर मोटारीची गादी कुरतडणारे उंदीर मारील व निवाऱ्याचें ऋण फेडील. दुसरा सांचा चिऊकाऊचा. कावळ्याचें शेणाचें घर पावसांत वाहून जातें, तो चिमणीच्या दारीं येतो, आणि ती एकामागून एक सबब सांगून त्याला तिष्ठत ठेवते. मुलें हंसतात, बाहेर कुडकुडणाऱ्या कावळ्याचा विचार फारसें कोणी करीत नाहीं.

या दोन्ही गोष्टी गोड आहेत, आणि त्या टाकून द्याव्या असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पहिलींत दया ही उसनवारी ठरते, व दुसरींत गरजवंताला ताटकळविणें ही गंमत ठरते. आमच्या गोष्टींत मांजरानें कांहींच परत करूं नये. त्याला कोरडी जागा मिळावी, आणि तेवढ्यानेंच गोष्ट पुरी व्हावी. आपल्या जिल्ह्यांतील पाथर्डी-शेवगांवकडील कित्येक कुटुंबें दरसाल घरदार सोडून ऊसतोडीस जातात व कारखान्यांच्या आसपास कोपींत राहतात. त्यांचीं मुलें नव्या शाळेच्या दाराशीं येऊन उभीं राहतात, तेव्हां त्यांजपाशीं देण्यासारखें काय असतें? ज्या मुलाला लहानपणीं परतफेडीचीच दया शिकविली, तें त्यांना मनांतल्या मनांत 'तुमचा उपयोग काय?' असेंच विचारील.

मोटारीचेंही तसेंच आहे. नगरचें रणगाडा संग्रहालय १९९४ सालीं स्थापन झालें. तेथें देशोदेशींच्या रणगाड्यांबरोबर रोल्स-रॉइसची एक जुनी चिलखती मोटारही जतन केलेली आहे. युद्धांत राबलेल्या यंत्राचा हा मान योग्यच होय. परंतु रस्त्यावर गंजणारी मोटार कोणी पाहावयास जात नाहीं. आणि तरीही एका जिवाला ती पाऊसभर छप्पर देते. हा मोठेपणा मुलांच्या नजरेस आणून देणें हें गोष्टीचें काम आहे.

कोणी पालक म्हणतील, अशा गोष्टी ऐकून मुलें भटकीं मांजरें घरांत आणतील आणि दुधाची नासाडी होईल. शंका रास्त आहे. म्हणून गोष्टींत मांजर खरेंखुरें असावें. मांजरीचीं पिलें जन्मतां डोळे मिटलेलीं असतात. ते उघडण्यास सुमारें आठ-दहा दिवस लागतात. आई भक्ष्य शोधावयास गेली असतां तीं पोरकीं वाटतात, आणि मुलें प्रेमानेंच त्यांची व आईची ताटातूट करितात. थंडींत मांजर ऊब शोधीत चालू मोटारीच्या यंत्राशींही जाऊन बसतें. अशा वेळीं मोटार सुरू झाली तर त्याच्या जिवावर बेततें. निघण्यापूर्वीं यंत्रावरील झांकणावर दोन थापा माराव्या, म्हणजे तें पळून जातें. एवढें ज्याला कळलें, त्याची दया कोणाला उपद्रव देणार नाहीं.

बालमित्रहो, ही गोष्ट तुम्हीच लिहून पाहा. मांजराला बोलतें करूं नका, त्याला राजवाडाही देऊं नका. पाऊस पडत असेपर्यंत त्याला निजूं द्या. आणि पालकांस विनंती अशी कीं, मुलानें गोष्ट वाचून दाखविल्यावर लगेच तात्पर्य विचारूं नये.