परत फिरलेल्यांची बाजू

डोंगरात जाणाऱ्या तरुणांत हल्ली एक नवी प्रतिष्ठा निर्माण झाली आहे. मळलेल्या वाटेने गडावर जाणारा तो भाबडा यात्रेकरू, आणि वाट सोडून धारेधारेने जाणारा तो खरा मर्द! पावसाळा सरला की टोळ्या निघतात, नि सोमवारी कुणी कुठली ‘अनवट’ धार ‘मारली’ याच्या वार्ता कानी येतात. माझे भांडण धारेशी नाही, वाट सोडण्याशीही नाही. वाट सोडणारा कुणी निघालाच नसता तर जगात वाटाच पडल्या नसत्या. माझे भांडण आहे ते आपल्या शाबासकीशी. पोचलेल्याला आपण हार घालतो आणि अर्ध्यातून फिरलेल्याला हसतो. हे हसणे प्राणघातक आहे, आणि सणाचे दिवस असले तरी ते मी स्पष्टच सांगणार आहे.

कळसूबाईच्या रांगेचेच उदाहरण घ्या. कुलंग, मदन, अलंग हे तीन किल्ले, आणि त्यांच्या पूर्वेला महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १६४६ मीटरचे कळसूबाई. आंबेवाडीच्या अंगणातून ते तिन्ही किल्ले एका ओळीत उभे दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, मधे खाली उतरायचे कशाला? माथ्यामाथ्यानेच गेले की झाले! दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच.

सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर बहुतांशी आडवे आहेत. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थराची उतरण होते. त्यामुळे खालून सरळ रेघ दिसणारी धार प्रत्यक्षात राक्षसाच्या जिन्यासारखी असते. तिची एकेक पायरी तीस-चाळीस फुटांची. नकाशा पाहून जातो म्हणाल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. पन्नास फुटांचा ताशीव कडा अशा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपून बसू शकतो. मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली दुसऱ्या कुणाच्या चालीची रेघ तर याहून फसवी. तो माणूस कुठून गेला एवढेच ती सांगते. त्याने दोर लावला होता का, तो धरून चढला ते झाड गेल्या पावसात टिकले का, याबद्दल ती मुकी. वाट सोडली म्हणून छाती फुगवायची आणि पाऊल मात्र उसन्या रेघेवर टाकायचे, यातला विनोद त्या वीरांच्या ध्यानातही येत नाही.

त्यातून दिवाळीच्या सुट्टीचे दिवस. गवत वाळून निसरडे झालेले, त्याखाली घसारा. कारवी पुरुषभर उंच. ती बाजूला सारावी तो पुढे पायाखाली जमीनच नाही. ढोरवाटा दिसतात, पण त्या गुरांना चाऱ्यापर्यंत नेतात नि तिथेच संपतात. पाण्याची टाकी गडांवर कोरलेली आहेत, धारेवर थेंब मिळत नाही. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. आणि कातळाचा एक नियम बाराही महिने सारखाच आहे: चढता आले म्हणजे उतरता येईलच असे नाही. चढताना डोळे हाताबरोबर असतात, उतरताना पाय आंधळे होतात. म्हणून फिरण्याची वेळ अडकल्यावर येत नसते. ती तासभर आधी दार ठोठावून निघून गेलेली असते.

माझ्या हाताखालून गेलेल्या चार मुलांनी मागे अलंगकडून कळसूबाईकडे धारेने जाण्याचा बेत केला. निघण्यापूर्वीच त्यांनी ठरवले होते, की दुपारी दोनपर्यंत ठरल्या खिंडीत पोचलो नाही तर माघारी. दोन वाजले तेव्हा पुढे एक कातळटप्पा होता. चढताही आला असता. पाणी निम्मे उरले होते. ते फिरले, आणि रात्री वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर सुखाने झोपले. “तिथं आमची गुरंबी जात न्हाईत, तुम्ही कशापायी गेलता?” एवढेच तो म्हणाला. महिन्याभराने एका मंडळाने साहसवीरांचा सत्कार मांडला. या चौघांना व्यासपीठावर बोलावणे नव्हते. व्यासपीठावरून मात्र ‘दोन वाजताच ज्यांना आईची आठवण झाली’ असा त्यांचा उल्लेख झाला आणि सभागृह खदखदून हसले. बाहेर पडताना त्यांतला सर्वांत धाकटा मला म्हणाला, “सर, पुढच्या वेळी नाही फिरणार.”

वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. कड्याने जे केले नव्हते ते त्या हशाने केले होते.

फिरणे हा भेकडपणा असेल, तर तेनसिंगला काय म्हणाल? १९५२ च्या मे महिन्यात तो आणि स्विस गिर्यारोहक लांबेर एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले. शिखर अडीचशे मीटर उरले असता दोघेही फिरले. २९ मे १९५३ रोजी त्याच धारेने जाऊन तेनसिंग हिलरीबरोबर माथ्यावर उभा राहिला. आधीच्या वर्षी हट्टाला पेटला असता, तर पुढच्या वर्षी कोण चढले असते? आणि ज्यांचे नाव घेऊन ही मुले गड चढतात, त्या शिवछत्रपतींनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिलेच ना? १६७० साली ते परत घ्यायला निघाले तेव्हा त्यांना कुणी हसल्याचे ऐकिवात नाही.

दुसऱ्या बाजूला एक अपघात झाला की डोंगरच बंद करा म्हणणारे आहेत. बंदीने वाट बंद होते, हौस होत नाही. ती मग चोरून जाते आणि कुणाला सांगून जात नाही. त्यापेक्षा मुलांना जाऊ द्यावे. मात्र गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचे दाम घासाघीस न करता द्यावे. कुठून जाणार नि किती वाजता फिरणार, हे घरी कागदावर लिहून ठेवावे. टोळीतल्या सर्वांत धाकट्याने ‘नको’ म्हटले, तर ते सर्वांचे ‘नको’ समजावे.

एवढे त्यांनी करायचे. आपण घरातल्यांनी करायचे ते याहून सोपे आहे. या दिवाळीत तुमचा मुलगा किंवा मुलगी डोंगरातून घरी येईल, तेव्हा ‘कुठवर गेलास’ याच्या आधी ‘कुठून फिरलास’ हे विचारा. उत्तर सांगताना त्याची मान खाली जाऊ देऊ नका. अर्ध्यातून फिरून आला असेल, तर फराळाच्या ताटात एक करंजी जास्त वाढा. ती त्याने कमावलेली आहे.