'कारण' या रकान्यात काय लिहावे?

माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात तो घरी आला आणि चहा पुढे येण्याच्या आत म्हणाला, "सर, पहिली रायफल घ्यायची आहे. बजेट लाखाच्या आतबाहेर. कोणती घ्यायची ते मी बघतो आहे. तुम्ही फक्त अर्जातलं कारण लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे."

भाषेच्या शिक्षकाकडे सत्काराच्या मानपत्रापासून शोकसभेच्या ठरावापर्यंत पुष्कळ मागण्या येतात. अशी ही पहिलीच. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक-कक्षात मी हा प्रसंग सांगितला. एक सहकारी पोट धरून हसले. दुसऱ्यांनी १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनाची आठवण काढली. अध्यक्षपदावरून सावरकरांनी साहित्यिकांना लेखण्या मोडून बंदुका हाती घेण्याचे आवाहन केले होते; तुमच्या विद्यार्थ्याने ते उशिरा का होईना मनावर घेतले, असे ते म्हणाले. प्रस्तुत लेख या दोघांच्याही विरोधात आहे.

दुसऱ्यांचे आधी पाहू, कारण ते सोपे आहे. सावरकरांचे ते भाषण कोणाला पटो वा न पटो, त्यातील बंदूक ही पारतंत्र्यातल्या एका समाजाने सैनिक व्हावे म्हणून उचलायची बंदूक होती. तिच्यामागे १८७८ हे साल होते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत त्या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांचा कायदा आला आणि शस्त्रांचा कायदाही आला; लेखणी आणि बंदूक या दोहोंवर एकाच हाताने टाच आणली गेली. पहिला कायदा रिपनने काही वर्षांतच मागे घेतला. दुसरा स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने तो निकालात निघाला. ज्या कायद्यातून युरोपीय लोकांना सूट होती, त्या कायद्याविरुद्धचा राग हा सामुदायिक राग होता. त्या भाषणातील बंदुकीमागचे सर्वनाम 'आपली' असे आहे. हिंजवडीच्या अर्जात ते 'माझी' होते. आपण विद्यार्थ्यांना सर्वनामे शिकवतो. निदान आपण तरी एवढा फरक गाळू नये.

आता हसणाऱ्या सहकाऱ्यांविषयी. या मुलाचे घर माणच्या बाजूला, तिसऱ्या टप्प्याच्याही पलीकडे आहे. रात्रपाळी असते. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. वर्षभरात त्यांच्या इमारतीत दोनदा कुलपे तोडण्याचा प्रयत्न झाला. ज्या गावाच्या शेतांवर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, तिथे काचेच्या इमारती आधी आल्या आणि पदपथ, दिवे, बस हे सारे त्यांच्यामागून, रखडत आले. अंधाऱ्या रस्त्यावरून रात्री दोन वाजता घरी येणाऱ्या माणसाची भीती ही विनोदाची वस्तू नव्हे. कोथरूडच्या जुन्या सोसायटीत राहून ती हास्यास्पद ठरवणे फार स्वस्त पडते. मला ती भीती खरी वाटते, आणि म्हणूनच त्या मुलाने तिच्यावर शोधलेला उपाय गांभीर्याने तपासावासा वाटतो.

तर, रायफल. आपल्या कायद्यात निवड दुकानात होत नाही, परवान्यावर होते. सैन्य-पोलिसांच्या वापरातील बोअर आणि अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. उरते ती मुख्यतः .३१५ बोअरची, खटका ओढून दर वेळी नवे काडतूस भरायची रायफल. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची. या बोअरची जन्मकथा वाङ्मयाच्या अभ्यासकाला रुचावी अशी आहे. इंग्रज सरकारला सैन्याच्या .३०३ ची काडतुसे प्रजेच्या हाती चालू द्यायची नव्हती, म्हणून सैन्याच्या दारूगोळ्याशी न जुळणारे एक वेगळे माप नागरी वापरासाठी रूढ झाले. म्हणजे आज तो मुलगा जी वस्तू 'स्वसंरक्षणासाठी उत्तम' म्हणून निवडू पाहतो, तिचे माप मुळात राज्यकर्त्यांच्या संरक्षणासाठी ठरले होते.

१९५९ च्या अधिनियमाचे तेरावे कलम तर वाचनीयच आहे. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, संरक्षणासाठी मागितली तर तिच्याकडे कायदा त्यातल्या त्यात सौम्यपणे पाहतो. रायफल वा पिस्तूल मागितले तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची 'सबळ कारण' असल्याबद्दल खात्री पटावी लागते. हिंजवडीपुरते ते अधिकारी म्हणजे २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्त. पुढचे चौदावे कलम असेही सांगते की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारता येणार नाही. किती सुंदर वाक्य आहे! शस्त्र हे फक्त जमीनदाराचे भूषण नसावे, असे त्या कायद्यालाही वाटले होते. पण मालमत्तेची अट कायद्यातून गेली तरी किमतीत राहतेच. बंदूक, काडतुसे, २०१६ च्या नियमांप्रमाणे लागणारे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, घरात ती सुरक्षित ठेवण्याची हमी म्हणजे व्यवहारात एक मजबूत लोखंडी कपाट, आणि हाताला सवय राहावी म्हणून अधूनमधून नेमबाजीच्या मैदानावर जाणे: हे सगळे लाखाच्या आतबाहेर बसवायचे तर या मुलाला कायद्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. रायफल विसर, एकनळी घे.

आणि ते उत्तर रास्तही आहे. रायफलीची गोळी दूर जाण्यासाठी बनलेली असते. दोन खोल्यांच्या सदनिकेत सुटलेली .३१५ ची गोळी चार इंची भिंतीपाशी थांबण्याची हमी कोणी देऊ शकणार नाही, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे मूल झोपलेले असते. अरुंद बोळकांडीत ती लांब नळी वळवणेही अवघड. मुलगी दोन वर्षांची, म्हणजे काडतुसे आणि बंदूक दोन वेगळ्या कुलपांत हवी. आणि दोन कुलपांतली बंदूक रात्री अडीच वाजता, झोपेतून उठलेल्या, कधीही गोळी न झाडलेल्या बाईच्या हाती किती वेळात येईल? तो स्वतः तर त्या वेळी कचेरीत असणार. हे त्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

आता भीती ज्या घटनांतून येते त्या पाहा. २००७ मध्ये पुण्यातल्या कॉलसेंटरमधील एका तरुणीचा बलात्कार करून खून झाला; गुन्हेगारांपैकी एक तिला कामावर नेणाऱ्या गाडीचा चालक होता. २०१७ च्या जानेवारीत हिंजवडीतच, रविवारी कचेरीत काम करणाऱ्या एका अभियंता तरुणीचा खून झाला आणि आरोप इमारतीच्या सुरक्षारक्षकावर आला. २०२४ च्या जानेवारीत हिंजवडीतील एका लॉजवर एका अभियंता तरुणीला गोळ्या घालून मारले गेले. आरोप तिच्या परिचयाच्या तरुणावर. नेणारा, राखणारा आणि ओळखीचा. घरच्या कपाटातली रायफल यांपैकी कोणाच्या आड आली असती?

पुणेकरांना याचे नवल वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला मारणारे गारदी हे बाहेरून चढाई करून आलेले शत्रू नव्हते. ते वाड्यावरचे पहाऱ्याचे लोक होते. त्या खुनाभोवती 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका जमली. ती ऐतिहासिकदृष्ट्या खरी की खोटी हा वाद इतिहासकारांचा, पण मराठी मनाने ती अडीचशे वर्षे जपली आहे. 'धरावे' आणि 'मारावे' यांत एकाच अक्षराचे अंतर आहे, आणि ते बदलणारा हात घरातलाच असतो, हे आपल्या भाषेला केव्हाच कळलेले होते. मग 'संरक्षक रायफल' या शब्दप्रयोगाला आपण इतक्या सहज कसे फसतो? 'संरक्षक' हे विशेषण रायफलीचे नाहीच. ते त्या क्षणी घोडा ओढणाऱ्याचे आहे, आणि तो क्षण येईपर्यंत ते कोणालाच लावता येत नाही. कायदा याबाबत आपल्यापेक्षा चोख आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी संरक्षणाचा हक्क कृतीला जोडलेला आहे, हत्याराला नव्हे; आणि संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा, ही त्याची मर्यादा आहे.

या भाषिक लबाडीचा कळस सरकारी कारखान्यानेच केला. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून .३२ बोअरचे एक हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले 'निर्भीक'. किंमत सुमारे १ लाख २२ हजार. एका मृत मुलीला लोकांनी दिलेल्या नावाचे असे विक्रीयोग्य रूपांतर करायला कोणता वैयाकरण बसवला होता कोण जाणे. जिला रात्रीची सुरक्षित बस परवडणारी हवी होती, तिच्या नावाचे शस्त्र लाखाच्या वर!

हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात येते तिथे परवान्याचे शस्त्र कोणाच्या कमरेला असते, हे आपल्याला ठाऊक आहे. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमीन विकल्यानंतरच्या पिढीचे जे चित्र दाखवले, त्यात पिस्तूल हे पैशाच्या मागोमाग येते. २०२४ च्या जुलैत याच तालुक्यातील धडवली गावातल्या जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. अशा अर्जांतही 'कारण' या रकान्यात 'स्वसंरक्षण' हाच शब्द असतो. दुसरा कोणता असणार?

पण खरोखर तुटपुंज्या पैशांत पहिली बंदूक घेणारा माणूस हिंजवडीत दिसतो, तो बँकेच्या दारात आणि रोकड नेणाऱ्या गाडीच्या मागे. जुनी दुनळी, खांद्यावर काडतुसांचा पट्टा. स्वतःचे परवान्याचे शस्त्र असेल तर नोकरी लवकर मिळते म्हणून त्याने ती कर्ज काढून घेतलेली असते. तिने तो दुसऱ्यांचे पैसे राखतो आणि रात्री पत्र्याच्या खोलीत झोपतो. कोकणातल्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीलाही असेच नेमके काम असते. रानडुकरे आणि वानरे बागेत येतात, आणि शेतीसंरक्षणाचा परवाना हा शब्द तिथे जसाच्या तसा खरा असतो. निवडणूक आली की तीही पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, ते वेगळे. या दोघांच्या रकान्यात कारण लिहायला भाषेचा शिक्षक लागत नाही. (खंडेनवमीला हिंजवडीतल्या कचेऱ्यांत संगणकाला झेंडू वाहतात. आपापल्या कामाचे हत्यार ओळखण्याची ती जुनी रीत मला अजून आवडते.)

असो. विद्यार्थ्याला मी नाही म्हटले नाही. मागितलेले कारण लिहून देणे हे माझे काम होते, आणि ते मी प्रामाणिकपणे केले. इमारतीच्या जिन्यात आणि मुख्य रस्त्यापर्यंत दिवे नाहीत. रात्रीच्या पहारेकऱ्याची नेमणूक कोणाकडून झाली आणि त्याची पडताळणी झाली का, हे रहिवाशांना माहीत नाही. रात्रपाळी बदलून मागितली असता मिळाली नाही. एवढी तीन वाक्ये. कागद त्याने दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"सर, यावर परवाना मिळणार नाही," तो म्हणाला.

मग तो कागद सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवतो म्हणाला.