हाताने निघणारी बॅटरी हवी

गेल्या पंधरवड्यात चौदा वर्षांचा एक मुलगा भाजलेली बोटे घेऊन दवाखान्यात आला. वडिलांचे भंगाराचे दुकान. सुट्टीत हा तिथे जुने मोबाईल उघडत बसला होता. चिकटवलेली बॅटरी निघेना, म्हणून त्याने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. टोक आत घुसले आणि भडका उडाला. डोळे थोडक्यात वाचले. वर बोटांना टूथपेस्ट फासलेली!

पोराला बोल लावणे सोपे आहे. मला मात्र दोष त्या वस्तूच्या घडणीत दिसतो. लिथियम बॅटरीत दोन थरांमध्ये अगदी पातळ पडदा असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते आणि आतला द्रव पेट घेतो. अशी बॅटरी चिकटवून बसवायची का? पूर्वीच्या मोबाईलचे झाकण नखाने निघे आणि बॅटरी अलगद हातात येई.

जी वस्तू सरळ उघडत नाही, ती शेवटी हातोडीने नाहीतर आगीने उघडली जाते. तांब्यासाठी वायरी जाळतात, शिशासाठी गाड्यांच्या बॅटऱ्या फोडतात. तो धूर आणि ते शिसे तिथेच खेळणाऱ्या लेकरांच्या शरीरात जाते. शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही. मुलांच्या मेंदूची त्याने झालेली हानी औषधाने भरून येत नाही.

युरोपीय संघाने २०२३ साली कायदा केला. काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे, असे त्यात आहे. त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण वस्तू सहज सुटी होत नसेल, तर ती जबाबदारी भंगारवाल्याच्या पोराच्या बोटांवर येऊन पडते. म्हणून अशी सक्ती आपल्याकडेही व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वाचकहो, एवढे पाळा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. चुलीत तर मुळीच टाकू नका. नवी वस्तू घेताना दुकानदाराला विचारा, "बॅटरी बदलता येते का?" आणि भाजलेच, तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही न लावता दवाखाना गाठा.